मस्टँग जीटीला बाहेरचा एक्झॉस्ट बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २०१७ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. तिच्या पोटाखाली आजवर तीन वेगवेगळे एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर, लागून गेलेत. त्यामुळे पुण्यात ओळखीपाळखीत कुणाला सायलेन्सर बदलायची हुक्की आली की फोन मला येतो. प्रश्न तेच, उत्तरंही तीच, म्हणून एकदाच लिहून काढलं. उदाहरणं मस्टँगची, कारण हात तिच्यावरच बसलाय. पोर्शची केमन, बीएमडब्ल्यूची झेड-फोर किंवा ऑडीची जुनी टीटी असेल तरी बरंचसं लागू पडेल.

ताकद किती वाढते?

वाढत नाही असंच धरून चाला. या गाडीचं ५ लिटरचं व्ही-एट इंजिन मुळातच ४०० हॉर्सपॉवरच्या घरात आहे, आणि कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) मागचा पाइप बदलून वरच्या आरपीएमला पाच-दहा मिळाले तरी ते डायनोच्या, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राच्या, कागदावर दिसतात, ढुंगणाला कळत नाहीत. एसी बंद केलात तर त्याहून जास्त फरक जाणवेल.

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे टर्बाइनच्या पुढचा अडथळा कमी झाला की टर्बो लवकर फिरतो, म्हणून डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून निघणारा पाइप, बदलून खरोखर ताकद मिळते. पण त्या डाउनपाइपमध्येच कॅट असतो, आणि ते प्रकरण खाली येतंय.

थोडक्यात, तुम्ही आवाज विकत घेताय. हे एकदा स्वतःशी कबूल केलंत की पुढचे निर्णय सोपे होतात.

‘इंजिनाला बॅक प्रेशर (पाइपातल्या अडथळ्याचा उलटा दाब) लागतंच’ म्हणतात. मग मोठा पाइप लावून पिकअप पडतो का?

पिकअप पडू शकतो, पण कारण ते नाही. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो, हवा असतो तो वायूचा वेग. प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. ठोका वेगात पुढे निघून गेला की त्याच्या पाठीमागे दाब उतरतो आणि पुढच्या ठोक्याला ओढ मिळते. पाइप फार रुंद केलात तर वायू रेंगाळतो, थंड होतो, ती ओढ जाते. या गाडीला दोन्ही बाजूंना अडीच इंची पाइप पुष्कळ झाला. ३ इंची लावणारे लावतात, पण सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) नसताना त्याची गरज मला कधी दिसली नाही.

ॲक्सल-बॅक, कॅट-बॅक, हेडर यात फरक काय? मी काय बदलू?

इंजिनाकडून मागे चालत या. आधी मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्या, मग कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मधला पाइप आणि त्यावरचा घूं-घूं मारणारा रेझोनेटर, शेवटी बंपरखाली आवाज दाबणारे दोन मफलर. फक्त शेवटचे मफलर बदलले तर ॲक्सल-बॅक, कॅटच्या मागचं सगळं बदललं तर कॅट-बॅक. मॅनिफोल्डच्या जागी लांब नळ्यांचे हेडर घातले तर इंजिनाच्या कंप्युटरचं ट्यूनिंगही करून घ्यावं लागतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने ॲक्सल-बॅकवर थांबावं. एक अडचण मात्र आहे. २०१५ ते २०१७च्या जीटीत मूळ पाइप मधल्या भागापासून मफलरपर्यंत एकसंध येतो, त्यामुळे ॲक्सल-बॅकसाठी तो कापावा लागतो. कटर लावण्याआधी नव्या किटच्या पत्रकातलं माप दोनदा घ्या. थोडा लांब कापलात तर पुन्हा कापता येतो, आखूड कापलात तर वेल्डरकडे जायची वेळ येते.

एच-पाइप की एक्स-पाइप?

म्हणजे दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एकमेकांना कसे जोडायचे. हा माझा आवडीचा प्रश्न, तेव्हा जरा पाल्हाळ सहन करा.

मस्टँगचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला दांडा, क्रॉस-प्लेन आहे : त्याचे हात समोरून बघितले तर अधिकच्या चिन्हासारखे दिसतात. क्रँक फिरताना आठ सिलिंडर दर ९० अंशांना एक या हिशेबाने शिस्तीत पेटतात, पण उजव्या रांगेतले चार वेगळे काढून ऐकले तर शिस्त मोडते. त्यांच्यातलं अंतर १८०, २७०, १८०, ९० अंश असं पडतं. म्हणजे एका बाजूच्या पाइपातून ठोके सम पडतच नाहीत, लग्गी लागल्यासारखे पडतात. अमेरिकन व्ही-एटची ती प्रसिद्ध गडगड इथून येते. फेरारीच्या व्ही-एटचा क्रँक फ्लॅट-प्लेन, म्हणजे सगळे हात एका सपाट पातळीत असलेला असतो, तिथे प्रत्येक रांग दर १८० अंशांना पेटते. म्हणून ती किंचाळते आणि आपली घुमते.

आता दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एका आडव्या नळीने जोडले की झाला एच. दोन्ही बाजूंचा दाब थोडासा सारखा होतो, पण बराचसा वायू आपापल्या पाइपातूनच जातो. गडगड टिकते, खर्ज राहतो. एक्समध्ये दोन्ही पाइप एकमेकांना भिडून पुन्हा वेगळे होतात, ठोके मिसळतात, आवाज गुळगुळीत आणि वरच्या पट्टीचा होतो. ताकदीत फरक नगण्य. मला एच आवडतो. माझ्या मेहुण्याला एक्स आवडतो, आणि त्याच्या गाडीचा आवाज मला मिक्सरसारखा वाटतो. हे त्यालाही माहीत आहे.

ड्रोन म्हणजे काय, आणि एवढी भीती कशाला?

माझा पहिला कॅट-बॅक मी परदेशी व्हिडिओंमधला आवाज ऐकून घेतला. बसवला, नळस्टॉपपर्यंत चक्कर मारली, खूश झालो. रविवारी मुंबईला निघालो आणि द्रुतगती मार्गावर शंभरला स्थिर झाल्यावर केबिनमध्ये एक ‘हूंऽऽऽ’ सुरू झाला. हाच ड्रोन. मोठा नव्हता. बोलता येत होतं. पण कानात कुणीतरी अंगठे दाबून बसल्यासारखं वाटत होतं, आणि खालापूरला पोहोचेस्तोवर बायकोचं डोकं दुखायला लागलं. परत येताना ती ट्रेनने आली.

कारण साधं आहे. व्ही-एट इंजिनात एका फेऱ्यात चार स्फोट होतात. टॉप गिअरला शंभरच्या आसपास इंजिन साधारण १८०० आरपीएमला फिरतं, म्हणजे सेकंदाला ३० फेरे आणि १२० ठोके. हा १२० हर्ट्झचा खर्ज बंद केबिनला नेमका लागू पडतो आणि सगळी गाडी डमरूसारखी घुमते. चार सिलिंडरच्या गाडीत तीच गंमत साधारण ३६००ला, सहा सिलिंडरमध्ये २४००ला येते. कंपनीने तो जड रेझोनेटर आणि ते भलेमोठे मफलर यासाठीच दिलेले असतात. आपण ते काढतो आणि मग डोकं धरतो.

उपाय आहे. मुख्य पाइपाला एक आंधळी फांदी वेल्ड करायची, तोंड पाइपात आणि दुसरं टोक बंद. ध्वनिलहर त्या फांदीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि फांदीची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी असेल तर नेमकी उलटी होऊन मूळ लहरीला मारते. तिथला वायू ३५० अंश सेल्सिअसचा धरला तर ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर. ५०० भागिले १२० भागिले ४, म्हणजे जेमतेम १ मीटर ४ सेंटिमीटर. एवढी लांब फांदी गाडीखाली सरळ मावत नाही, म्हणून ती इंग्रजी जे अक्षरासारखी वळवून मुख्य पाइपाला समांतर नेतात. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंना एकेक लावली. आवाज गेला असं म्हणणार नाही, पण अंगठे कानातून निघाले.

म्हणून विकत घेण्याआधी त्या मॉडेलची उभ्या गाडीची क्लिप ऐकू नका. केबिनमध्ये बसून हायवेवर केलेलं रेकॉर्डिंग शोधा. तेही पुरेसं नाही, कारण फोनचा माइक खर्ज खाऊन टाकतो. कुणाच्या तरी गाडीत बसून अर्धा तास फिरा.

कॅट काढून टाकला तर?

नका काढू. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महाग धातू लावलेला तो जाळीदार दगड कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल संपवतो. बीएस-फोर पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंतच चालतं. कॅटशिवाय ते बसत नाही. शिवाय कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच बोंब मारतो : पी०४२० आणि पी०४३०, एकेका रांगेसाठी एकेक कोड, आणि चेक इंजिनचा दिवा. त्यावर सेन्सर धुरापासून लांब सरकवायला ठेपणी लावणारे, ट्यूनिंगमध्ये कोड दाबणारे भेटतील. पण गाडीमागे उभं राहिल्यावर डोळ्यांना झोंबणारा तो वास दाबता येत नाही.

हे कायदेशीर आहे का?

सरळ सांगतो, कारण या बाबतीत गोलगोल उत्तरं देणारे दुकानदार खूप आहेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीत नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० : पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, आणि ३ महिने लायसन्स रद्द. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज दाबणारा सायलेन्सर सक्तीचा करतो.

पोलिसांच्या रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते बहुतेक बुलेटचे असतात, पण कलमं दुचाकी-चारचाकी बघत नाहीत.

माझ्या गाडीखाली आज जो आहे त्याचा आवाज मूळच्यापेक्षा थोडाच मोठा आहे, कॅट शाबूत आहेत, पीयूसी पास आहे. तरी उद्या हवालदाराने अडवलं तर माझ्याकडे वाद घालायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना मोकळा आवाज हवा त्यांनी तो कोइमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्यावा आणि येताना मूळ सायलेन्सर लावून यावं.

पाइपावर ‘ई’चा शिक्का आहे. मग तर चालेल?

तो युरोपातल्या मान्यतेचा शिक्का. तो पाइप त्या ठरावीक गाडीवर तपासलेला आहे आणि तिकडच्या मर्यादेत बसतो, एवढं त्यातून कळतं. घ्यायचाच तर असाच घ्या. पण चौकात त्याची ढाल होत नाही.

सोसायटीत तक्रार येईल का?

येईल, आणि ती सकाळच्या स्टार्टची असेल. थंड इंजिन सुरू होताच कॅट लवकर तापावा म्हणून कंप्युटर आरपीएम मुद्दाम चढवून ठेवतो. पहिलं मिनिट-दीड मिनिट गाडी सगळ्यात जास्त ओरडते, आणि नेमकी तेव्हा ती तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, वर काँक्रीटचं छत, अशी उभी असते. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. मी पहाटे लोणावळ्याला जायचं असेल तर गाडी आदल्या रात्री नाक बाहेर करून लावतो. चावी फिरवली की निघायचं, ब्लिप मारत (उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबत) बसायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू अजून बोलतात माझ्याशी.

कुठला धातू घेऊ?

३०४ स्टेनलेस. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ४०९ही स्टेनलेसच म्हणवतो, पण त्यात निकेल जवळजवळ नसतं, त्याला लोहचुंबक चिकटतं आणि वर्षभरात तो तांबूस पडतो. फुटत नाही, नुसता कळकट दिसतो. मुंबईत किंवा कोकणात खाऱ्या वाऱ्यात गाडी राहत असेल तर साध्या लोखंडाकडे बघूही नका. दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात ठेवा.

बाहेरून मागवू की इथे बनवून घेऊ?

मागवत असाल तर किमतीआधी खोक्याचं माप विचारा. कुरिअर वजन न बघता आकार बघतं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागायचं. १५० बाय ५० बाय ४०चं खोकं म्हणजे ६० किलो, आत माल २५ किलोचा असला तरी. वर सीमाशुल्क आणि आयजीएसटी वेगळा.

इथे आर्गन वेल्डिंग करणारे उत्तम कारागीर आहेत, अनेक जण डेअरी आणि फार्माच्या पाइपांवर शिकलेले. त्यांना एकच विचारा : ‘आतून आर्गन सोडता का?’ स्टेनलेस वेल्ड करताना पाइपाच्या आतून आर्गन नसेल तर आतली बाजू जळून साखरेच्या खड्यासारखी खरबरीत होते आणि तिथेच पुढे तडा जातो. जुना सांधा कापलेला असेल तर आत बोट फिरवून बघा.

घरी बसवता येईल का?

जॅकवर नाही. गाडी लिफ्टवर घ्या, कारण पाइप वर धरायला एक माणूस लागतो आणि मागे उभं राहून सरळ आहे का बघायला दुसरा.

आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टवर रस्ट ऑइल मारून ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवं. पाइप लटकवणारे रबर हँगर निघत नसले तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, तेलाने ते रबर फुगतं. नव्याने मधला पाइप येत असेल तर पुढून मागे एकेक भाग नुसता अडकवत जायचं, क्लँप हाताने लागेल एवढाच. सगळं लटकलं, टोकं बंपरच्या खाचेत मधोमध आली, दोन्ही बाजू एका उंचीवर आल्या की मग पुढूनच घट्ट करत मागे यायचं.

सगळीकडे बोटभर मोकळी जागा हवी : प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची लाइन, मागचा अँटी-रोल बार, बंपर. बोटभर का? ३०४चा दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण १ सेंटिमीटर लांब होतो. माझ्या दुसऱ्या किटच्या वेळी एका गॅरेजने टोकं बंपरला चिकटून, दिसायला झकास अशी बसवली. ताम्हिणी चढून आल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. उजव्या टोकाच्या वर बंपरला चंद्रकोरीएवढा वितळलेला डाग पडला होता. तो अजून आहे.

शेवटी, इंजिन सुरू करण्याआधी पाइप थिनरने पुसून घ्या. हाताचे ठसे राहिले तर पहिल्याच तापण्यात ते स्टेनलेसमध्ये कायमचे भाजले जातात.

सुरू केल्यावर धूर येतोय!

येऊ दे. पाइपावरचं तेल आणि मफलरमधल्या लोकरीचा गोंद जळतोय. वीस मिनिटांत थांबतो. अर्ध्या तासानंतरही येत असेल तर काहीतरी पाइपाला टेकलंय.

गळती आहे हे कसं ओळखू?

गाडी थंड असताना सुरू करा, जाड फडकं घेऊन दोन्ही टोकं काही सेकंद दाबून धरायला सांगा, आणि तुम्ही खाली सांध्यांशी कान न्या. फुस्सऽ असा आवाज येईल. सापडलं नाही तर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे दिसतील. मग १००-१५० किलोमीटर चालवून, थंड करून, सगळे क्लँप पुन्हा एकदा आवळा. हे बहुतेक जण विसरतात आणि महिन्याभराने ‘टकटक येतंय’ म्हणून फोन करतात.

टोकातून पाणी ठिबकतं. बिघडलं का काही?

नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. पाइप गरम असला की ते वाफ होऊन जातं, थंड असला की ठिबकतं. फक्त रोज दोन किलोमीटरच गाडी चालवत असाल तर ते मफलरमध्ये साठून राहतं, म्हणून अधूनमधून लांब न्या.

स्पीडब्रेकरवर घासेल का?

मधला एच किंवा एक्स कुठे येतो ते बघा, सगळ्यात खालचा भाग तोच. क्लँपचे बोल्ट खाली तोंड करून लावले असतील तर आधी तेच घासतात. बाजूला वळवून लावा. आपल्याकडचे गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाच माहीत.

विमा कंपनीला सांगावं का?

हो, लेखी. न सांगता केलेला बदल आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेअरला दिसला की तो पहिलं बोट तिथेच ठेवतो.

फटाके फुटल्यासारखा आवाज हवाय, करून मिळेल का?

मिळतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मुद्दाम पेट्रोल जाळून तो काढतात आणि कॅटचा बळी देतात. मी करून देत नाही, कुठे करतात तेही सांगत नाही.

काढलेला सायलेन्सर भंगारात देऊ?

मुळीच नाही. फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आणि ही गाडी तर तशीही बाहेरून यायची. मूळ मफलर शोधायला निघालात तर दमाल. गाडी विकताना, पासिंगला किंवा कुणी हरकत घेतली तर तोच लागतो. कापलेला असला तरी ठेवा, क्लँप लावून परत बसतो. आतलं पाणी निथळू द्या, तोंडांना फडकी कोंबा, नाहीतर उंदीर घर करतात. माझा आईच्या माळ्यावर आहे, पिंपाच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. दर दिवाळीला आवराआवरी करताना आई विचारते, ‘अरे, हे धूड कधी नेणार आहेस?’